घरखर्च प्रकल्प: जून ते नोव्हेंबर 2025 च्या नोंदी

रविवार, 1 जून 2025

आजपासून पुण्यातल्या पीएमपी बसचं नवं भाडं लागू. मासिक पास 900 वरून थेट 1,500. नवरा म्हणाला, "वरचे सहाशे कुठून आणायचे ते आता तूच सांग, स्टोअरवाली." नऱ्ह्याच्या एका वर्कशॉपमध्ये मी स्टोअर सांभाळते. तिथे प्रत्येक मालाला बिन कार्ड असतं. आलं किती, गेलं किती, शिल्लक किती, कितीवर आल्यावर मागवायचं, सगळं त्यावर. एक वॉशर इकडचा तिकडे झाला तरी मला कळतं. घरात मात्र साखर संपल्याचं चहाचं आधण ठेवल्यावर कळतं. तेव्हा घरखर्चाचीही अशीच नोंद ठेवायची, हाच प्रकल्प.

सुरुवात पासपासूनच. नवऱ्याचं धायरी फाटा ते स्वारगेट हे अंतर पाच ते दहा किलोमीटरच्या टप्प्यात बसतं. नव्या दराने एका बाजूचं तिकीट 20, जाऊन-येऊन 40, महिन्याचे कामाचे दिवस 26 धरले तर 1,040. म्हणजे दोनच फेऱ्या करणाऱ्याने या अंतरासाठी पास काढूच नये. जुन्या पासपेक्षा 140 जास्त जातात, पण सहाशे नाही. दहाच्या पुढचा टप्पा असता तर 30 रुपयांप्रमाणे 1,560 झाले असते आणि पासच बरा पडला असता. ज्याने त्याने आपला टप्पा बघावा.

प्रकल्पाची हद्द: माणसं पाच. आम्ही दोघं, सासूबाई, आठवीतली मुलगी, चौथीतला मुलगा. दोघांचे मिळून हातात 38,000 येतात. त्यातले 10,500 भाड्याचे. रेशनकार्ड पांढरं. लाडक्या बहिणीची मर्यादा वर्षाला अडीच लाख, आम्ही तिच्या वर. योजनांच्या यादीत आम्ही नाही आणि बिनघोर राहणाऱ्यांच्या यादीत तर नाहीच.

हात न लावायच्या गोष्टी: दूध, सासूबाईंची औषधं, मुलीची गणिताची शिकवणी. "बाहेरचा चहा बंद करा" हा नणंदेचा सल्ला. नवरा दुकानात दिवसभर उभा असतो, त्याच्या दहा रुपयांच्या चहावर प्रकल्प चालवायचा नाही.

रविवार, 8 जून

आज मागच्या वर्षाचं पासबुक, यूपीआयच्या नोंदी आणि वाण्याची वही घेऊन बसले. महिन्यावार नाही, अख्ख्या वर्षाचा एकच तक्ता केला.

नेहमीचा महिना 31,400 मध्ये बसतो. म्हणजे 38,000 मधून साडेसहा हजार उरायला हवेत, आणि काही महिन्यांत ते उरतातही. मग ते जातात कुठे? वर्षातून एकदाच येणारे खर्च वेगळे काढले: शाळा 28,000, वर्षाचं धान्य आणि मसाला 15,000, दिवाळी 14,000, विम्याचा हप्ता 12,400, लग्नकार्य-आहेर आणि गावची जाणीयेणी 8,000, गणपती 6,000, दुचाकीचा विमा, पीयूसी आणि सर्व्हिसिंग 4,600. बेरीज 88,000.

वर्षाची आवक 4,56,000. खर्च 3,76,800 अधिक 88,000, म्हणजे 4,64,800. तूट 8,800 रुपये. वर्षाची! महिन्याला 733.

हा आकडा बघून मी दोनदा बेरीज केली. कारण घरात वातावरण असं असतं की जणू दर महिन्याला पाच हजार कमी पडतात. खरं म्हणजे तूट थोडी आहे, पण ती जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये गठ्ठ्याने अंगावर येते. मागच्या वर्षी शाळा आणि गणपती मिळून 18,000 क्रेडिट कार्डावर गेले, त्याचे बारा हप्ते पाडले, 1,633 चा एक. नुसतं व्याजच सोळाशेच्या आसपास, वर त्या व्याजावर जीएसटी. तुटीतला एक तुकडा हा असा वेळेवर पैसे नसल्याचा दंड आहे.

सासूबाईंना तक्ता दाखवला. त्या म्हणाल्या, "आम्ही महिन्याचा हिशेब कधी केलाच नाही गं. सुगीला पैसा यायचा, तो पुढच्या सुगीपर्यंत पुरवायचा." पगार महिन्याला येतो म्हणून आम्ही महिन्यात विचार करतो. घर मात्र अजून वर्षावरच चालतं. यापुढे वहीत एकक वर्ष.

शनिवार, 14 जून

सोमवारी शाळा. वह्या अप्पा बळवंत चौकातून डझनाच्या भावाने, समोरच्या वहिनींच्या मुलांच्याही त्यातच. मुलीची आठवीची बालभारतीची पुस्तकं इमारतीतल्याच एका मुलीकडून मिळाली. मध्यंतरी पुस्तकातच वहीची कोरी पानं घालत होते, त्या काळातली आहेत. कोरी पानं आधीच्या मुलीच्या अक्षरांनी भरलेली. आमच्या लेकीला ते आवडलंय, उत्तरं तयार आहेत म्हणे. गणवेश मागच्याच वर्षीचा, खालची शिवण उसवून लांब केला. बूट मात्र नवे, त्यात काटकसर नाही.

शाळा 28,000 ऐवजी 24,300 मध्ये आटोपली. चार हजार वर्कशॉपमधून उचल घेतली, जुलै-ऑगस्टच्या पगारातून कापतील. कार्डाला हात नाही.

रविवार, 29 जून

तेलाचा डबा. ही नोंद लांबणार.

वर्कशॉपमध्ये बोल्ट शेकड्याने घेतले की भाव उतरतो. घरी आम्ही तेल एकेक पिशवी घेतो, म्हणजे सगळ्यात महाग पद्धतीने. पण अख्खा डबा घ्यायला दोन हजारांवर रक्कम एकदम काढावी लागते. ज्याच्याकडे कमी पैसे त्याला लिटरमागे जास्त मोजावे लागतात, हे काही नवं नाही. उपायही जुनाच: चार घरं मिळून घ्यायचं. समोरच्या वहिनी, खालच्या मजल्यावरच्या काकू, गच्चीखालच्या खोलीत नव्याने आलेलं जोडपं आणि आम्ही.

आधी भाव नीट लिहून काढले, सगळे किलोवर आणून. तेलाच्या धंद्यात लिटर आणि किलोची अदलाबदल फार चालते. एक लिटर खाद्यतेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम.

वाण्याकडची सोयाबीन तेलाची एक लिटरची पिशवी 138 रुपये, किलोला 151.65. त्याच्याच शेजारी टांगलेली "स्वस्त" पिशवी 122 रुपये. उलटून पाहिलं तर आत 750 ग्रॅम, म्हणजे किलोला 162.67. पाकिटावर एककामागे किंमत छापणं 2022 पासून सक्तीचं आहे, पण ते अक्षर इतकं बारीक असतं की काकूंनी चष्मा लावूनही माझ्याकडेच दिलं.

मार्केट यार्डात दोन डबे. दिसायला जुळे. एक 2,010 चा, एक 2,130 चा. काकूंचा हात अर्थातच पहिल्याकडे गेला. तो 15 लिटरचा होता, म्हणजे 13.65 किलो, किलोला 147.25. दुसरा 15 किलोचा, किलोला 142. महाग दिसणारा डबा स्वस्त निघाला. दुकानदार हसून म्हणाला, "ताई, हे रोज कुणी विचारत नाही." मी मनात म्हटलं, म्हणून तर दोन्ही ठेवता.

घरी आणून वजनावर वाटणी केली. मापाने करायची नाही, मापाला फेस आणि डोळा दोन्ही लागतात. रिकामं भांडं काट्यावर ठेवून शून्य करायचं आणि प्रत्येकीला 3.75 किलो. हिस्सा 532 रुपये 50 पैसे. रिकाम्या डब्यावरून थोडं झालं. काकूंना तो तुळशीला हवा होता, वहिनींच्या मते तो भंगारात विकून पैसे चौघींत वाटायला हवे होते. डबा तुळशीला गेला. पुढचा वहिनींचा, असं ठरलं.

आता खरा हिशेब. आम्हाला महिन्याला चार किलो तेल लागतं. पिशवीऐवजी डब्यातून घेतल्याने बचत किलोला 9 रुपये 65 पैसे, म्हणजे महिन्याला 38 रुपये. एवढ्यासाठी रविवारची सकाळ? नवऱ्याने हा प्रश्न विचारलाच. माझं उत्तर तेलाच्या डब्यात नाही. मंडळ जमलं हे महत्त्वाचं. तेलावर सराव झाला की याच चौघीजणी मार्च-एप्रिलमध्ये गहू, तांदूळ आणि मिरची घेतील. तिथे फरक 38 रुपयांचा नसतो.

रविवार, 13 जुलै

वीज. बिल 142 युनिटचं. महावितरणच्या घरगुती दरात पहिली पायरी 100 युनिटपर्यंत, दुसरी 101 ते 300. शंभराच्या पुढच्या युनिटचा वीज आकार पहिल्या शंभराच्या दुपटीहून जास्त आहे, त्यावर वहन आकार, आणि सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. आमच्या बिलात शंभराच्या पुढचं युनिट शेवटी तेरा रुपयांच्या घरात पडतं. म्हणून वरची 42 युनिटं हेच माझं गिऱ्हाईक. खालच्या शंभरात डोकं घालायचं नाही. मोबाइलचा चार्जर काढून ठेवल्याने काय वाचतं हा घरातला जुना वाद आता कायमचा बंद.

कोण किती खातं? बाहेरच्या खोलीतला पंखा जुना, 75 वॅटचा. सासूबाई दिवसभर तिथे आणि रात्री मुलं तिथेच झोपतात, तेव्हा दिवसाला 14 तास सहज. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, 30 वॅटच्या आसपास घेतो. फरक 45 वॅट, 14 तास, 30 दिवस: 18.9 युनिटं. तेराने गुणलं तर महिन्याला 240 च्या वर. पंखा 2,600 चा, म्हणजे साधारण अकरा महिन्यांत वसूल. ही बचत तेलाच्या सहापट आणि तिला दर महिन्याला रविवार लागत नाही. घ्यायचा.

गिझर 2,000 वॅटचा, पाव तासाला अर्धं युनिट. एक बादली पाणी तापवायला वरच्या दराने साडेसहा रुपये पडतात. गॅसवर तीच बादली साडेतीन-चार रुपयांत तापते, कारण 856 चा सिलिंडर 14.2 किलोचा, किलोला साठ. कागदावर गॅस जिंकतो. पण उकळतं पातेलं उचलून मोरीपर्यंत सासूबाई नेणार असतील तर ते अडीच रुपये मला नकोत. गिझर राहील, फक्त पाण्याआधी दहा मिनिटं लावायचा आणि बंद करून मगच अंघोळीला जायचं.

1 जुलैपासून स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या वापरावर युनिटमागे 80 पैसे सूट सुरू झाली आहे. आमचं मीटर जुनंच. आणि त्या वेळात घरात वापर कसला, पंखा आणि सासूबाईंची मालिका. कागदी बिल बंद करून ई-बिल घेतलं, त्याची बिलात थोडी सूट मिळते. वेळेआधी भरलं की एक टक्का. हे दोन्ही लगेच केलं, कारण त्याला फक्त दहा मिनिटं लागली.

रविवार, 27 जुलै

गॅस आला. सिलिंडरच्या कड्यावर रिकामं वजन लिहिलेलं असतं, यावर 15.6. त्यात 14.2 मिळवून 29.8 भरायला हवं. आणणाऱ्या भाऊंकडे काटा असतो, मागितला तर लावतात. नवऱ्याला मागायचा संकोच. "रोजचा माणूस आहे, काय वाटेल त्याला." मी मागितला. भरलं 29.8. भाऊंना काही वाटलं नाही, उलट म्हणाले, लोकांनी मागितला तर आम्हालाही वरून नीट भरलेला मिळतो. कड्यावर C-27 होतं, म्हणजे 2027 च्या जुलै-सप्टेंबरपर्यंत चाचणीची मुदत. लावल्याची तारीख खडूने सिलिंडरवर.

शुक्रवारपासून श्रावण लागला. साबुदाणा, शेंगदाणे, राजगिरा, बटाटे, तूप, खजूर. एका सोमवारच्या उपवासाचा खर्च लिहून काढला, तो त्याच दिवशीच्या वरण-भात-भाजीपेक्षा जास्त निघाला. सासूबाईंना आकडा सांगितला नाही. उपास त्यांचा आहे, वही माझी आहे.

रविवार, 24 ऑगस्ट

बुधवारी गणपती. सहा हजारांची पाकिटं जुलैपासून बाजूला काढत होते, पाच हजार जमले. तेवढ्यातच. मूर्ती शाडूची पण मागच्यापेक्षा एक वीत लहान, मुलाने नाक मुरडलं आणि मग स्वतःच मखर रंगवलं. मंडळाची वर्गणी दिली, तिच्याशी घासाघीस करायची नाही हे नवऱ्याचं म्हणणं मान्य.

सासूबाई गौरींनंतर गावी जाणार. एसटीचं भाडं जानेवारीत जवळपास 15 टक्क्यांनी वाढलं, पण त्यांना अर्धं तिकीट. बाई म्हणून अर्धं आणि पासष्टीच्या पुढे म्हणूनही अर्धं. "दोन अर्धी मिळून फुकट नाही का होत?" असं त्यांनी मागे कंडक्टरला विचारलं होतं. पंचाहत्तरी झाली की होईल, आजी, असं त्याने सांगितलं. तेव्हापासून त्या वाढदिवस मोजताहेत.

कार्डाचा शेवटचा हप्ता या महिन्यात गेला. पुढच्या महिन्यापासून 1,633 मोकळे. हे कुठल्या तरी खर्चात विरघळायच्या आत बांधून टाकायला हवेत.

शनिवार, 6 सप्टेंबर

बांधले. वर्कशॉपमध्ये दहा जणांची भिशी सुरू झाली, प्रत्येकी 2,000. उचल 20,000. चिठ्ठ्या टाकायच्या आधीच मी सांगितलं, मला शेवटचा नंबर द्या. सगळे बघतच राहिले. दिवाळीसाठी पहिला-दुसरा मिळावा म्हणून भांडणं होतात, शेवटचा कुणी मागत नाही. सप्टेंबरपासून दहावा महिना म्हणजे जून. शाळा.

व्याज मिळत नाही हे खरं. बँकेतल्या आवर्ती ठेवीत काही शे रुपये मिळाले असते. पण आवर्ती ठेव मोडायला मोबाइलवर एक बोट पुरतं, आणि भिशी मोडायला नऊ जणांसमोर तोंड दाखवावं लागतं. माझ्यासारखीला दुसरं जास्त उपयोगी. माणसं ओळखीची, सगळ्यांचा पगार एकाच दिवशी एकाच ठिकाणी. बाहेरच्या भिशीत मी शेवटचा नंबर घेतला नसता.

रविवार, 21 सप्टेंबर

उद्यापासून जीएसटीचे नवे दर. अंघोळीचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं हे सगळं 18 वरून 5 टक्क्यांवर. वह्या-पेन्सिलींवर शून्य, पण आमच्या जूनमध्येच घेऊन झाल्या. कपड्याची पावडर मात्र 18 वरच आहे, हे जाहिरातींच्या गदारोळात कुणी मोठ्याने सांगत नाही.

बातमी आली तेव्हाच बिन कार्ड बघितलं. टूथपेस्ट, साबण, केसांचं तेल, सगळं 22 पर्यंत पुरेल एवढं होतं, म्हणून अडीच आठवडे काहीच घेतलं नाही. 18 चा 5 झाला की शंभराची वस्तू 89 ला यायला हवी. आमचा या वस्तूंचा खर्च महिन्याला नऊशे, म्हणजे शंभरेक रुपये सुटतील. जानेवारीच्या विम्याच्या हप्त्यावरचाही कर गेला. 12,400 मध्ये सव्वादोन टक्के कर धरलेला होता, तेव्हा पावणेतीनशे तिथे.

वाण्याला विचारलं, जुन्या मालाचं काय. म्हणाला, "वहिनी, नवीन भावानेच देईन, पण मला वरून कधी मिळतं ते बघू." तो उधारी लिहितो, पाऊस असला तर पोराला सामान घेऊन पाठवतो. मोठ्या मार्टमध्ये बिल चार-पाच टक्के कमी येतं, पण तिथे उधारीची वही नाही आणि बाहेर पडताना यादीत नसलेली प्लास्टिकची बरणी हातात असते. कोरडं सामान महिन्यातून एकदा मार्टमधून, बाकी याच्याकडून. तो बंद झाला तर महिनाअखेरीला मी कुणाकडे जाणार?

रविवार, 12 ऑक्टोबर

मराठवाड्यात सप्टेंबरच्या पावसाने शेतं वाहून गेली. इकडे कोथिंबिरीची जुडी हात लावू देत नाही. काही दिवस मेथी-पालक बंद, मटकी-मूग भिजवून मोड. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "तुमची भाजी महाग झाली म्हणून तुम्ही रडता, आमच्या भावाचं सोयाबीन सडलं." यावर वहीत लिहायला काही रकाना नाही. कांदा तेवढा स्वस्त आहे, आणि तोही शेतकऱ्याला परवडत नाही म्हणूनच स्वस्त आहे.

दिवाळीचा फराळ चौघींनी मिळून करायचा ठरलंय. भाजणी एकत्र दळायची, तळण एकाच घरी एका दिवसात. प्रत्येक घरी वेगळी कढई चढली की प्रत्येक कढईत उरलेलं तेल वेगळं राहतं आणि महिनाभर भाज्यांत जिरवावं लागतं. डबा या खेपेला महाग, 2,190.

रविवार, 30 नोव्हेंबर

दिवाळी 11,200 मध्ये. भाऊबीजेला नणंद आली तेव्हा चकल्या उचलून म्हणाली, घरच्या वाटत नाहीत. चार घरच्या आहेत म्हटलं.

पंखा जुलैअखेर बसला. बिल 142 वरून ऑगस्टमध्ये 121, सप्टेंबरमध्ये 116, आता थंडीत 104. शंभराच्या खाली अजून गेलं नाही. फ्रिजच्या दाराचं रबर सैल आहे, कागदाची पट्टी अडकवली तर अलगद निघून येते. रबर बदलायला सातशे सांगताहेत. आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन बघायचं.

तेल महिन्याला चार किलोवरून सव्वातीनवर आलं. कुणी कमी खा म्हटलं नाही. कॅनवर खुणेची पट्टी चिकटवली आहे आणि ती सगळ्यांना दिसते, एवढंच.

जून ते नोव्हेंबर जुळवणी: आवक 2,28,000. खर्च 2,26,350, भिशीचे तीन हप्ते आणि पंखा धरून. शिल्लक 1,650. पण जानेवारीचा विमा आणि मार्चचं धान्य अजून यायचंय, तेव्हा या शिल्लकेला अर्थ नाही. विम्यासाठी डिसेंबरचे पाच हजार आणि जानेवारीचे सहा धरून ठेवले आहेत, बाकीचे या 1,650 मधून. मार्चच्या धान्याचं अजून जुळलेलं नाही. चौघींनी मिळून दोन टप्प्यांत घेता येईल का, अर्धा गहू मार्चमध्ये आणि अर्धा एप्रिलमध्ये, हे मार्केट यार्डातल्या दुकानदाराला विचारायचं आहे.

वरच्या खोलीतलं जोडपं पुढच्या महिन्यात हिंजवडीकडे राहायला चाललंय, त्याची नोकरी तिकडे लागली. डब्याचा एक हिस्सा मोकळा. तिसऱ्या मजल्यावरच्यांना विचारायचं का यावर काकू म्हणाल्या, नको, त्यांना शेंगदाण्याचंच तेल लागतं. तेव्हा तूर्त तिघी, पाच-पाच किलो, प्रत्येकी 730. माझा कॅन चार किलोचा आहे. बोहारणीकडे मोठा बघायचा, जुन्या साड्या दोन काढून ठेवल्या आहेत.